शंभरातले पाच

"पाच म्हणजे किती, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला, बाबा?"

जीपमधून उतरता उतरताच नीलाक्षीने विचारलं.

फकीर ओट्यावर बसून हिरव्या निशाणाची घडी घालत होता. त्याने कापडाच्या कडा जुळवल्या, गुडघ्यावर दाबल्या, आणि मग मान वर केली.

"एका हाताची बोटं," तो म्हणाला. "बस बेटा. उन्हातून आलीस."

ती बसली नाही.

मेळघाटाच्या कडेला ते उघडं पठार होतं. झाडं म्हणाल तर मोहाची दोन. टोकाला दिलावरशाह फकिराचा तकिया, त्याची राहायची मठी, आणि तकियामागे त्याच्या मुर्शिदाची, म्हणजे गुरूची मजार. त्या दिवशी तिथे उरूस होता. म्हणजे, सकाळी होता. आता भर दुपारी पठारावर चिटपाखरू नव्हतं. मांडवाचे बांबू आडवे पाडलेले, चुलींवर पाणी ओतलेलं, आणि आकाशपाळण्याच्या रिकाम्या खुर्च्या आपल्याच नादात करकरत होत्या.

विदर्भाचा रोजचा हवामान अंदाज डॉक्टर नीलाक्षी गावंडेच्या सहीने निघत असे. सोळा वर्षांची नोकरी. गेल्या सहा वर्षांत गारपिटीचा तिचा एकही मोठा अंदाज चुकला नव्हता. ती हे विसरत नसे, आणि इतरांनाही विसरू देत नसे.

वारा मोजायचं एक नवं यंत्र बसवायला ती त्या दिवशी पलीकडच्या गावी निघाली होती. वाटेत तहसीलदारांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या पत्रकाचं नाव सांगून त्या फकिराने अख्खा उरूस उठवला. दोन हजार लोक खाली शाळेच्या आवारात बसलेत. दुकानदार माझ्या डोक्यावर. 'धोका नाही' एवढं दोन शब्दांत लिहून पाठवा, लोक परत वर जातील."

"पाठवते," ती म्हणाली होती.

पण आपल्या पाचाचे शंभर करणारा माणूस आधी पाहावा, असं तिच्या मनाने घेतलं. तिने गाडी पठाराकडे वळवली.

"शंभरातले पाच," ती आता एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "आजच्यासारखे शंभर दिवस धरा. त्यातले पंच्याण्णव दिवस काही होत नाही. उरलेल्या पाचांतही इथेच होईल असं नाही. इथून चाळीस किलोमीटरच्या आत कुठेतरी. एवढ्यावर तुम्ही दोन हजार माणसं उठवलीत?"

"उठवली."

"वादळ येणार म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"येनार असं कोनीच नाई सांगतलं. येऊ शकते, असं तू सांगतलं."

"मी?"

"खाली पंचायतीच्या फळ्यावर तुया कागद लागते. मास्तर मले रोज वाचून दाखवते. तीन वर्सं झाली. वरच्या दोन ओळी वाचल्या का मास्तर थांबते. मी म्हनतो, मास्तर, खालची वाच."



खालची ओळ नीलाक्षी रोज लिहीत असे. नियम होता म्हणून. तुरळक, अत्यल्प, किरकोळ... ती ओळ कुणी वाचत असेल, असं सोळा वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं.

"अन्नाचं काय केलंत?" तिने जरा उतरल्या आवाजात विचारलं. उरसाच्या देगांमध्ये शेकडो लोकांचं जेवण शिजतं, हे तिला माहीत होतं.

"देगा ट्रॅक्टरवर चढवल्या. अर्ध्या कच्च्या होत्या. खाली शाळेत शिजल्या असतीन आतापावेतो."

"लोक रागावले असतील."

"रागावले. पाळनेवाला तं रडला."

त्याने दुसरं निशाण ओढून घेतलं.

तिला वाटलं, याला समजावून सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या पोरांना सांगते तसं. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि दोन्ही तळहात एकापुढे एक धरले.

"हे बघा, बाबा. उत्तरेकडून थंड हवेची आघाडी सरकत येते आहे. थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी खालून शिरते आणि इथली गरम हवा वर उचलते. ढग तिथेच होतात. पण ढगाला ओल लागते. आज ओल थोडी आहे. शिवाय वर दोन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचं झाकण बसलं आहे. ते फुटायचं नाही."

"अन् फुटलं तं?"

"नाही फुटणार."

"अन् फुटलं तं?"

ती उत्तरेकडे पाहू लागली. डोंगरांच्या रांगेवर पांढुरक्या ढगांची एक ओळ उभी होती. फार उंच नव्हती.

"फुटलं तर वाईट," ती म्हणाली. "वरचे वारे आज फार जोराचे आहेत. एकच ढग पुरे होईल. लिंबाएवढ्या गारा, सोसाट्याचं वावधन, उघड्यावर विजा. तो पाळणा उभा राहायचा नाही."

"हं..."

त्याने निशाणाची घडी तशीच मांडीवर ठेवली.

"मंग शून्य काऊन नाई लिहिलं?"

"शून्य लिहिता येत नाही."

"काऊन?"

"ते खोटं होईल. हवेच्या बाबतीत शून्य कुणालाच म्हणता येत नाही. जो म्हणतो त्याला हवा कळलेली नाही. मी सोळा वर्षांत एकदाही शून्य..."

ती मधेच थांबली.

म्हटलं होतं. एकदा म्हटलं होतं. पत्रकात नव्हे.

मंगेश. तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी परतवाड्याच्या घरातून चपला घालून बाहेर पडला. येतो म्हणाला. सव्वीस वर्षांचा होता. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, चिठ्ठी नव्हती. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, विहिरी झाल्या. पहिली दोन वर्षं रेल्वे स्टेशनवर पाठमोरी माणसं पाहून नीलाक्षीही धावली. मग थांबली.

आई थांबली नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसायची. नागपूरला चल म्हटलं की एकच बोलणं.

"आपण गेलो तर मंगेशला पत्ता कसा कळेल?"

तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली, हात मोडला. नीलाक्षी तिला न्यायला आली तेव्हाही तेच. पत्ता कसा कळेल? थकलेली, चिडलेली नीलाक्षी तेव्हा आईसमोर स्टूल घेऊन बसली होती. हरवलेली माणसं किती, पहिल्या वर्षात सापडतात किती, पाच वर्षांनंतर किती, सगळे आकडे तिने आईला सांगितले. आणि शेवटी म्हणाली होती, "तो येणार नाही, आई. शक्यता शून्य आहे."

आई उठली, आणि एका हाताने आपली लुगडी पेटीत भरू लागली.

त्या दिवसापासून आईने मंगेशचं नाव घेतलेलं नाही. नागपुरात सातव्या मजल्यावर ती टीव्हीसमोर बसते. तिथे ओटा नाही.

फोन वाजला. तहसीलदार.

"मॅडम, दोन वाजले. लिहून पाठवता ना? ध्वनिक्षेपकावरून सांगायला माणूस उभा केलाय."

नीलाक्षीने फकिराकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. निशाणाचा एक सुटलेला दोरा दाताने तोडत होता.

"पत्रकात जे आहे तेच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"संध्याकाळी पाचपर्यंत लोकांना वर येऊ देऊ नका."

"येणार आहे का वादळ?"

"बहुतेक नाही."

"मग?"

"मग पाचपर्यंत येऊ देऊ नका."

पलीकडून फोन ठेवला गेला. नीलाक्षीला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. 'बहुतेक नाही' म्हणून सांगायचं आणि तरीही लोकांना अडवायचं, हे तिने आजवर कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग तुम्ही का नाही उतरलात खाली?"

"मले मुर्शिदानं इथं बसवलं."

"वीज मुर्शिदाला विचारून पडत नाही."

"नाई पडत."

"दोन हजार लोकांना पाच टक्क्यांसाठी उतरवलंत. स्वतः बसलात. हे कसं?"

फकिराने मजारीकडे तोंड केलं. त्याच्या दाढीत वाऱ्याने आणलेलं मोहाचं वाळकं पान अडकलं होतं, ते त्याने काढलं.

"त्यायच्यासाठी पाच लय झाले, बेटा," तो म्हणाला. "माह्यासाठी पाच थोडे हायेत."

तिला समजलं नाही. पण का कोण जाणे, विचारावंसंही वाटलं नाही. ती जीपकडे गेली नाही. ओट्यावर नीट मांडी घालून बसली.

तीनच्या सुमारास वारा पडला.

पानसुद्धा हलेना. आकाशपाळणाही करकरायचा थांबला. उत्तरेची ढगांची ओळ आता जवळ आली होती आणि तिच्यातून मधूनच एखादा बुरूज वर निघत होता. वर निघे, कडा फुलकोबीसारख्या गच्च होत, आणि मग जणू कुणी टाळूवर हात ठेवावा तसा दबे. वरचा वारा त्याचं डोकं पूर्वेकडे ओढून नेई.

"झाकण," ती पुटपुटली.

"दिसून रायलं मले," फकीर म्हणाला.

दोघं पाहत राहिली.

"बाबा, मुर्शिदाने तुम्हाला कशासाठी बसवलं इथे?"

"म्हने, इथं बस. तो येईन."

"तो म्हणजे...?"

फकिराने नुसतं वर पाहिलं. मग जमिनीकडे. मग आपल्या छातीवर हात ठेवून काढून घेतला.

"किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस."

"आला?"



"नाई."

त्या 'नाई'मध्ये तक्रार असती तर तिला बरं वाटलं असतं. तक्रार नव्हती. पण शांतीही नव्हती. त्याचा आवाज किंचित घोगरा झाला होता, आणि सत्तरीचा तो म्हातारा एकदम मेळ्यात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा दिसला. नीलाक्षीने नजर वळवली.

"शक्यता किती धरता?" तिने हळूच विचारलं. थट्टा नव्हती त्यात.

"तुया पाचाहून कमी," तो म्हणाला आणि हसला. दात दोनच होते.

मग ती बोलली. मंगेशबद्दल बोलली. कुणाशी इतकं सलग ती नऊ वर्षांत बोलली नव्हती. कुठला शर्ट होता ते सांगितलं. आईच्या मोडक्या हाताचं सांगितलं. आणि शून्याचंही सांगितलं. फकीर ऐकत होता. हं म्हणाला नाही, अरेरे म्हणाला नाही.

ती बोलत होती तोच तिच्या गालाला गार हवा लागली.

आघाडी आली.

पठाराच्या उत्तर टोकावर आधी धूळ उठली, भिंतीसारखी. मग वारा आला. पाडलेले बांबू घरंगळले, कनात फडफडली, पाळण्याच्या सगळ्या खुर्च्या एका दिशेला कलल्या. मघाशी अंगाला चिकटणारी हवा पाच मिनिटांत अशी गार झाली की तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. आणि नेमका तिच्या डोक्यावर एक बुरूज उठू लागला.

हा दबला नाही.

वर चढला. आणखी चढला. पोटाला काळसर निळा रंग आला. पश्चिमेला कुठेतरी आत, खोल, गुरगुर झाली.

नीलाक्षी उभी राहिली. तिची छाती धडधडत होती. ही भीती आहे, असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं, भीती नाही. ती त्या ढगाला म्हणत होती, चढ. चढ. फोड ते झाकण. ओठ हलत होते तिचे. जीपमध्ये जाऊन बसायला हवं होतं, अशा वेळी माणसाने उघड्यावर थांबू नये हे ती दरवर्षी शाळांमधून सांगत फिरे. तरी पाय निघेना.

कारण पाच टक्के येऊ शकतात. डोळ्यांदेखत, भर दुपारी, येऊ शकतात. एकदा, फक्त एकदा ते पाच टक्के आले असते तर...

"चढ," ती मोठ्याने म्हणाली.

ढग क्षणभर तसाच तोलून राहिला. मग त्याच्या माथ्यावरची कड विरली. आधी धुरासारखी, मग कापसासारखी. पोटातला निळा रंग फिका पडला. दोन-चार टपोरे थेंब धुळीत पडले, पडलेल्या जागी खळगे करून गेले. वारा सरळ झाला. आघाडी दक्षिणेला निघून गेली, आणि तिच्या मागून स्वच्छ, गार, रिकामं आकाश आलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिचा अंदाज बरोबर ठरला होता. पंच्याण्णव टक्के. ती ओट्यावर बसली, आणि तोंडावर पदर धरून रडली.

फकिराने पाण्याचा लोटा तिच्याजवळ सरकवला आणि दुसरीकडे पाहत राहिला.

पाच वाजता तिने तहसीलदारांना फोन केला. आता लोक वर जाऊ शकतात, म्हणाली. ते बरंच बोलले. थेंबसुद्धा पडला नाही म्हणाले, उद्या दुकानदारांना तोंड कुणी द्यायचं म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. "माझं नाव सांगा," एवढंच म्हणाली. "पुढच्या वेळीही पाच असले तर मी हेच सांगेन."

मग आईला लावला.

"आई, मी मेळघाटात आहे. येताना परतवाड्यावरून येते."

"तिथे काय आहे आता?" आईचा आवाज सपाट होता. मागे टीव्ही चालू होता.

"भाडेकरूंना सांगते, आणि आपल्या दारावर रंगाने नागपूरचा पत्ता लिहून येते. फोन नंबरसुद्धा."

टीव्ही बंद झाला.



"मी चुकीचं बोलले होते, आई. शून्य म्हणायला नको होतं. शून्य नाही."

"...किती आहे?"

"थोडी आहे. फार थोडी."

आईने श्वास घेतला. मग पूर्वीच्या, परतवाड्याच्या आवाजात म्हणाली, "मोठ्या अक्षरांत लिही गं. स्वतःच्या चष्म्याची काडी बसवायलाच तर गेला होता तो."

खालून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. लोक परत येत होते. कुणीतरी ढोल वाजवत होतं.

नीलाक्षी उठली, साडीवरची धूळ झटकली आणि जीपची किल्ली शोधू लागली. परतवाड्याला रंगाचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. तरी दोन पावलं जाऊन ती परत फिरली.

"बाबा," ती म्हणाली, "नऊ वर्षं झाली. अजून किती दिवस?"

ओट्यावरच्या चटईवर जिथे फकीर एक्केचाळीस वर्षं बसत आला होता, तिथून तो हात टेकत, गुडघा सावरत, एका अंगाला सरकला. अर्धी चटई मोकळी झाली. त्याने तिच्यावरची धूळ तळहाताने पुसली.

"घडीभर इथं बस, बेटा," तो म्हणाला. "इथून वाट बरी दिसते."